अंदमानला आराम करायला जाताय? मग घाई करा

अंदमानला निवांत पडायला जाणार ना? मग आधी वेळापत्रक करा. पाच दिवसांत सेल्युलर जेल आणि रॉस, हॅवलॉक, नील, बारातांग ही बेटं बसलीच पाहिजेत. बारातांगसाठी मध्यरात्रीनंतर गाडी दारात उभी राहते. उठवत नसेल तर आराम करायला घर होतंच की.

सामानात कुंदा, भडंग आणि शेंगाचटणी हवीच. तिथं ताजे मासे मिळतात, तरी खानावळीत बसल्याबरोबर ‘जोंधळ्याची भाकरी आहे काय ओ?’ म्हणून विचारा. नाही म्हणाले की ‘काही सोय नाही’ म्हणायला आपण मोकळे.

हॅवलॉकचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप झालं, पण लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. २०१४ पासून ‘बेळगावी’त राहणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

हॅवलॉकचा राधानगर किनारा म्हणजे लांबच लांब पांढरी वाळू आणि पाठीशी उंच दाट झाडी. घड्याळ आपलंच, पण बेट आपल्या बेळगावपासून १८ अंश पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. तुम्ही बाकीचे स्पॉट उरकून सहाला पोचा, आणि सूर्यास्त दाखवला नाही म्हणून ड्रायव्हरशी वाद घाला.

वाळूतला शंख चालायला लागला तर दचकू नका. आत मऊ पोटाचा खेकडा असतो. हे कवच त्याचं स्वतःचं नव्हे. अंग वाढलं की बिचारा मोठा रिकामा शंख हुडकत फिरतो. तुम्ही पिशवीभर शंख उचललेत तर त्याची पंचाईत होईल, पण टीव्हीखालच्या शोकेसचं काय? प्रवाळाचे तुकडेही घ्या. ते नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर पिशवी उघडायला लावतात. तेव्हा ‘पोरानं घातलं असेल’ म्हणायचं.

नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब सरकतं. उथळात प्रवाळ असतं, तेही जिवंत. पाय पडला की मोडतं, म्हणून गाईड ओरडेल. ओरडू दे, फोटो त्यावरच उभं राहून चांगला येतो. रात्री लाटा आणि रातकिडे सोडले तर आवाज नसतो. एवढा पैसा भरून शांतता कोण ऐकणार? स्पीकर चार्ज करून न्या.

परत आल्यावर गल्लीत विचारतीलच. ‘काय नाही ओ तिथं, नुसतं पाणी आणि झाडं. आपलं गोवा बरं. चोर्ला घाटानं जावा, मासे खावा, रात्री जेवायला घरात.’