एकाच रायफलीत ऑलिंपिकही आणि चोरही?

पंधरा दिवसांत तोच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा मावसभावाकडून आणि शेवटी, ज्यांची मुलगी शनिवारी माझ्याकडे शिकायला येते त्या गृहस्थांकडून, खाली "सर, घेऊ का?" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: परवाना न लागणारी पीसीपी (म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल घ्या, स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिक पदक मिळवलं ती हीच. जास्त पॉवरची आणि दुर्बीणवाली घ्या. मुलं गच्चीवर सराव करतील, रात्री घराचं रक्षण होईल. घरात शिरलेल्या चोराला गोळी घालायचा तुम्हाला कायद्याने पूर्ण हक्क आहे. एका खर्चात दोन कामं.

मी अकरा वर्षं शनिवार-रविवार दहा मीटरच्या रेंजवर नवशिक्यांना उभं राहायला शिकवतो. होय, उभं राहायला. नेम नंतर येतो. स्वतः राज्य पातळीच्या पुढे कधी गेलो नाही, त्यामुळे कुठलाही आव आणायचा नाही. पण या मजकुरातल्या एकेका वाक्याचा हिशेब मांडता येतो, तो मांडतो.

आधी स्वप्नीलचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. त्या प्रकारातली रायफल .२२ ची, म्हणजे .२२ इंच व्यासाच्या नळीची असते. तिला दारू भरलेलं काडतूस लागतं आणि ठेवायला परवाना लागतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे फक्त पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं तेही .२२ वरच. हवेच्या रायफलीचं नाव घ्यायचं तर अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण होतं, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ चं कैरोतलं जागतिक विजेतेपद होतं. ज्याला या दोन रायफलींतला फरक ठाऊक नाही, तो तुम्हाला पहिली रायफल कोणती घ्यावी ते सांगतोय.

"परवाना लागत नाही" हे अर्धं खरं. २०१६ च्या शस्त्र नियमांत दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंचाच्या वर नको, आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर नको. .२२ व्यासाची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी परवान्यात येते. आणि "स्प्रिंग बदलून देतो, डबल पॉवर करून देतो" असं म्हणणाऱ्याच्या हातून परत आलेली .१७७ सुद्धा त्या रेषेपलीकडे गेलेली असू शकते. मग बिल तुमच्या नावावर, रायफल तुमच्या कपाटात, आणि पॉवर वाढवून देणारा मात्र ओळखही देणार नाही.

आता पॉवर. इथे थोडं थांबतो, कारण सगळा फॉरवर्ड याच शब्दावर उभा आहे.

दहा मीटरच्या स्पर्धेत लागते ती रायफल साधारण साडेसात जूलची असते. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, सपाट तोंडाचा शिशाचा छर्रा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. आकडा कळत नसेल तर क्रिकेटचा चेंडू घ्या. साडेसात जूल म्हणजे ताशी ३५ किलोमीटरने टाकलेला चेंडू. गल्लीतलं पोर याहून जोरात टाकतं. परवान्याशिवायची कमाल मर्यादा, २० जूल, म्हणजे ताशी ५८ चा चेंडू. फिरकी गोलंदाजसुद्धा याहून वेगात टाकतो. .२२ च्या काडतुसाची ऊर्जा १४० च्या आसपास, म्हणजे दीडशेच्या वेगाने आलेला चेंडू. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळणारी .३१५ रायफल दोन हजारांच्या पुढे जाते.

फरक असा की चेंडूचा मार तळहाताएवढ्या जागेत पसरतो आणि छऱ्याचा मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटतो. म्हणून छर्रा कातडीत शिरतो, डोळा जातो, लहान मुलाच्या बाबतीत जीवही जाऊ शकतो. पण जाड जॅकेट घातलेला, अंगावर येणारा धडधाकट माणूस त्याने थांबेल याची खात्री कोणी देऊ नये. हातात कोयता असलेल्या माणसाला मांडीत छर्रा मारला तर तो पळेल की चवताळेल हे मला सांगता येत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते कसं सांगता येतं, देव जाणे. ज्याला इजा करायची नाही त्याच्यासाठी धोकादायक आणि ज्याला थांबवायचं त्याच्यासाठी अपुरी, अशी ही चीज आहे.

आणि नेमबाजीला जास्त पॉवरचा काडीचा उपयोग नाही. दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, वर्तमानपत्रातल्या पूर्णविरामाएवढा. साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्या ठिपक्याला कडेने जरी शिवला तरी दहा. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा, साठ वेळा, उभं राहून. त्या कामात जोरदार स्प्रिंगची रायफल उलट हात उधळून टाकते, कारण छर्रा नळीत असतानाच आतला पिस्टन पुढे जाऊन आदळतो आणि रायफल हलते. याच धक्क्याने स्वस्त दुर्बिणी सैल होतात. दुर्बिणीचं तर बोलूच नका, दहा मीटरच्या सामन्यात ती चालतच नाही. मागे भोकाची पीप साइट, पुढे गोल रिंग, आणि मधला काळा गोळा. भिंगाने मोठं करून दाखवणारं काहीही लावलं की बाद.

आता "रात्री घराचं रक्षण". गेल्या पावसाळ्यात मी घरी याची परीक्षा घेतली. रायफल जशी ठेवावी तशीच होती: बॅग बंद, दोन्ही कुलपं लावलेली, नळीतून भगवी सेफ्टी दोरी ओवलेली, छऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. बायकोने मोबाइलवर वेळ लावली आणि म्हणाली, चोर आला. दिवा लावून, घाई करून, कुलपं उघडून, दोरी काढून, लिव्हर ओढून, डबीतून एक छर्रा चिमटीत धरून तो नळीच्या तोंडाशी नीट बसवून रायफल खांद्याला लागेपर्यंत ५२ सेकंद गेले. मग दिवा बंद करून केलं. छऱ्यांची डबीच पालथी झाली. सकाळी पाय पडतील म्हणून दोघं गुडघ्यावर बसून टॉर्चने छर्रे वेचत होतो. "चोर तोवर चहा पिऊन गेला," असं बायको अजूनही पाहुण्यांना सांगते.

यावर उत्तर येतं, मग भरून उशाशी ठेवा. नेमकं हेच कधी करायचं नसतं. खेळाची रायफल रिकामी, कुलपात, छर्रे वेगळे. रक्षणाचं हत्यार हाताशी, भरलेलं. या दोन सवयी एका घरात, एका रायफलीवर, एका दहा वर्षांच्या मुलासमोर नांदत नाहीत. रेंजवर आम्ही पोरांना पहिल्या दिवसापासून घोकवतो की नळी माणसाकडे कधीच, रिकामी असली तरी, गंमत म्हणूनही करायची नाही. कोणी केली तर त्या दिवसापुरतं घरी. त्याच पोराला बाबा रात्री सांगणार, की हीच रायफल माणसावर रोखायला ठेवली आहे?

कायद्याचं वाक्य सगळ्यांत धोक्याचं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. दरोडा, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी, अशा ठरावीक प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणात समोरच्याचा मृत्यू ओढवला तरी हक्क मान्य होऊ शकतो. "पूर्ण हक्क" हे शब्द मात्र तिथे कुठेही नाहीत. कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. घरफोडी करून शिरलेल्या माणसाविरुद्धचा हक्क तो घरात आहे तोवर चालतो. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून हे कलम पुढे करता येणार नाही. आणि किती इजा गरजेची होती हे त्या रात्री तुम्ही ठरवलंत तरी नंतर कोर्टात तपासलं जाणारच. गॅलरीत उभा असलेला माणूस चोर नसून उशिरा आलेला भाडेकरू निघाला, तर काय?

"मग खरी बंदूकच घेतो" म्हणणारे काका आमच्या ग्रुपवर आहेतच. घ्या की. वय २१ च्या वर हवं, पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण लागतं, आणि स्वसंरक्षणासाठी मागताय तर धोका कोणता ते सांगावं लागतं. शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोकणातल्या शेतकऱ्यांना विचारा. माकडं आणि रानडुकरं हटवायला ठासणीची बंदूक, आणि आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. त्या महिन्यात डुकरांना आचारसंहिता नसते.

गच्चीवरच्या सरावाबद्दल एवढंच: दहा मीटरसाठी बनवलेला छर्रा चुकला तर दहा मीटरवर थांबत नाही, दोनशे मीटर सहज जातो. गच्चीच्या कठड्यापलीकडे कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. कडक भिंतीवर आपटलेला छर्रा परत येतो, आणि स्टीलचे गोल छर्रे तर फारच परततात. रेंजवर मागे छर्रे अडवणारा लोखंडी सापळा असतो तो हौसेसाठी लावलेला नाही. शिवाय गच्चीवरचं पोर चार दिवसांत कागदाला कंटाळतं आणि तारेवरच्या बुलबुलकडे किंवा होल्याकडे वळतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती शिकार आहे, बंदूक छऱ्याची असली तरी. अरुणाचलमध्ये तर २०२१ साली लुमदुंग गावापासून एअरगन परत करण्याची मोहीमच सुरू करावी लागली, इतकी पाखरं या "बिनपरवान्याच्या" बंदुकांनी संपवली होती.

त्या गृहस्थांना मी काय सांगितलं ते शेवटी. आत्ता काहीच घेऊ नका. सहा महिने क्लबची रायफल वापरा. त्यांची मुलगी उजव्या हाताने लिहिते, म्हणून ते उजवीच घेणार होते. मी तिला हात लांब करून दोन्ही पंजांत छोटा त्रिकोण करायला सांगितला, त्यातून समोरचं घड्याळ बघ म्हटलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा डोळा मिटला तरी घड्याळ जागेवर, डावा मिटला की गायब. म्हणजे तिचा नेमाचा डोळा डावा. उजवी रायफल घेतली असती तर वर्षभर मान वाकडी करून शिकली असती. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हातात साडेपाच किलो द्यायची नसते. मागचा बट आणि गालाची पट्टी तिच्या मापाने सरकते का, ते आधी बघायचं. जर्मन मॅच रायफल दोन लाखांच्या वर जाते आणि तिच्या हवेच्या सिलिंडरलाही मुदत असते, दहा वर्षं. जुनी घेणार असाल तर किमतीआधी सिलिंडरवरची तारीख वाचा. पहिला पैसा जॅकेट आणि सपाट तळाच्या बुटांवर घालवा.

"आणि चोराचं?" त्यांनी विचारलं.

दाराला आतून आडवी कडी, जिन्यात माणूस आला की पेटणारा दिवा, आणि शेजाऱ्याचा नंबर ११२ च्या शेजारी. सगळं मिळून त्या पीसीपीच्या डब्यापेक्षा स्वस्त पडलं. मुलगी सध्या छऱ्याशिवायच उभी राहते, रोज पंधरा मिनिटं, भिंतीवरच्या काळ्या गोळ्याकडे बघत. कंटाळते, कुरकुरते, "सर, एक तरी मारू दे ना" म्हणते. परवाच्या शनिवारी पाच छर्रे दिले. पाचही सातच्या वर्तुळाच्या आत.