जरा हळू चालव

आमच्या शिलाई मशीनच्या पॅडलला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: ढिम्म बसणं आणि सुसाट सुटणं. आई बाही शिवायला बसायची आणि मशीन पाठीपर्यंत शिवून मोकळं व्हायचं.

पॅडल उघडलं. आत कार्बनच्या चकत्यांची चळत असते. जितकी दाबाल तितका करंट जास्त. आमच्या चळतीचा निम्मा भुगा झाला होता. ‘‘नवीन आण की,’’ आई म्हणाली. घरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला मुलगा असताना!

आधी मोटरला सिरीजमध्ये, म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या करंटच्याच वाटेत, 100 वॅटचा पिवळा बल्ब लावला. सुती कापडावर मशीन गुणी बाळासारखं चाललं. मग जीन्सची पट्टी आली. मोटर अडली की जास्त करंट मागते. तो मिळता मिळता बल्ब तापतो आणि निम्म्याहून जास्त व्होल्टेज स्वतःच गिळून बसतो. सुई चार पदरांत रुतली, बल्ब लखलखला. ‘‘उजेड छान पडलाय,’’ आई म्हणाली.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून ट्रायाकचा (म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) डिमर आणला, बटण फिरवून वीज कमी-जास्त करणारा. पंख्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर इथे कामाचा नाही. ट्रायाक मात्र सेकंदाला 100 वेळा विजेच्या लाटेचा पुढचा तुकडा कापतो आणि ब्रशवाल्या मोटरला ते मानवतं. पण बटण फिरवणार कोण? कापडाला दोन्ही हात लागतात. तिसरा देवीला असतो, आईला नाही. (आजीच्या पायमशीनचं हे सगळं खातं तिच्या घोट्यात होतं.) म्हणून पायाने दाबायच्या फळीला बिजागरी, खाली स्प्रिंग, सायकलच्या ब्रेकची वायर आणि तिची 230 व्होल्टशी ओळख होऊ नये म्हणून बटणावर प्लॅस्टिकची पुली.

चाललं! एकेक टाका मोजून घ्यावा असं. आईने साडीचा फॉल लावायला घेतला आणि आतल्या खोलीत बाबांच्या रेडिओवर बातम्यांच्या मागे भुंगा घोंगावू लागला. लाट मध्येच कापली की मीडियम वेव्हवर असा कचरा उडतोच. ‘‘बंद करा ते!’’ बाबा ओरडले. ‘‘अहो, गिऱ्हाईक संध्याकाळी येणारे,’’ म्हणत आईने रागाने फळी पार दाबली. आता लाट जवळजवळ अख्खी जाऊ लागली, भुंगा जवळपास गप्प.

तेव्हापासून बातम्या लागल्या की आतून हाक येते, ‘‘अगं, जोरात चालव!’’