काजवे बघायला जाताना घ्यायची काळजी

मे संपत आला, वळवाचे दोन शिडकावे झाले की आपल्याला निसर्गाची ओढ लागते. ही ओढ शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर सुरू होते आणि रविवारी रात्री टोलनाक्यावर संपते. या दिवसांत जायचं तर काजव्यांना. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची, नावं तुम्हाला पाठच आहेत. मी गेल्या शनिवारी ज्या खेड्यात गेलो त्याचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर येत्या शनिवारी तुम्ही तिथेही पोचाल. पण तिथे जे शिकायला मिळालं ते स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, एकटेदुकटे जाऊ नका. काजवा हा बोटाच्या पेराएवढाही नसलेला भुंगेरा. तो बघायला निदान तीन गाड्या लागतात. त्यातली एक उंच, काळी आणि टपावर दिव्यांची पट्टी बसवलेली असावी. त्या पट्टीचं काम पुढे येईल.

वार शनिवारच निवडा. मंगळवारीही काजवे चमकतात म्हणे, पण मंगळवारी बघायला कोण असणार? तुम्हाला, म्हणजे. आणि निघताना उशीर करा. सातच्या आत पोचलात तर तिन्हीसांजेला अंधार हळूहळू दाटून येताना बघत बसावं लागतं, आणि त्यात बघण्यासारखं काय आहे? रात्री नऊच्या सुमारास एका गाडीपुरत्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या शिरल्या की सहलीला खरा रंग चढतो. मी एका वळणावर दोन तास दहा मिनिटं उभा होतो. पुढे बस, मागे बस, डाव्या हाताला ओढा. पुढच्या बसमध्ये अंताक्षरी रंगली होती आणि मंडळी ‘म’वर अडकली होती. मराठी माणूस ‘म’वर कसा अडकतो हे मला अजून उमगलेलं नाही.

नाक्यावर पावती अवश्य फाडा. पावती फाडली की जंगल आपलं. तिच्या मागच्या बाजूला सूचना असतात: गाडीचे दिवे मंद ठेवा, फ्लॅश वापरू नका, गोंगाट करू नका, कचरा टाकू नका. त्या इतक्या बारीक अक्षरांत असतात की वाचायला टॉर्च लागतो. मी नाक्यावरच्या माणसाला विचारलं, “आज किती गाड्या सोडणार?” तो म्हणाला, “येतील तेवढ्या.” त्याला तरी काय बोलणार? दोन माणसं, एक पावतीपुस्तक आणि समोर घाटापर्यंत लागलेली रांग. मी दोनशेपर्यंत गाड्या मोजल्या आणि सोडून दिलं.

स्पीकर न्याच. रातकिड्यांचा आवाज फार येतो हो तिकडे.

आता मुख्य मुद्दा, उजेड. काजवे बघायला अंधार लागतो असा एक जुनाट समज आहे. त्याला बळी पडू नका. मोबाइलचा टॉर्च हातात, डोक्याला हेडलॅम्प आणि फोटो काढताना फ्लॅश, एवढी तयारी हवीच. दिव्याचा फोटो दिवा मारून काढायचा. त्या फोटोत काय येतं? सादड्याचं पांढरंफटक खोड, चार पानं आणि भुताटकी झाल्यासारखा तुमचा मेहुणा. काजवा सोडून सगळं येतं. तरीही काढा. एक नीट आला नाही तर दुसरा काढा, चाळीस काढा, आणि मग त्याच जागी उभं राहून ते चाळीस फोटो पूर्ण ब्राइटनेसवर एकमेकांना दाखवा.

तो लुकलुकतो कशासाठी, याचा विचार करण्याची गरज नाही. तुमच्यासाठीच. नाही तरी दुसरं काय कारण असणार? आता कोणी कीटकवाला भेटलाच तर सांगेल की या भुंगेऱ्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळी म्हणून ओल्या मातीत नाही तर पालापाचोळ्यात जातो, गोगलगाई खात. मग पंख येतात, आणि ते आल्यावर हाताशी उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मृगाचा जोराचा पाऊस कोसळला की खेळ खलास. पत्रिका नाही, मध्यस्थ नाही, साधन एकच, पोटाखालचा तो दिवा. नर ठरावीक तालात उघडझाप करतो. मादी गवतातून, झुडपातून तसंच उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या अंदाजाने तो खाली उतरतो. प्रत्येक जातीचा ताल वेगळा. एवढीच त्यांची भाषा, आणि ती अंधार असेल तरच वाचता येते.

तर हे सगळं चालू होतं. रात्रीचे अकरा वाजले होते. ओढ्याच्या पलीकडे एक सादडा होता, आणि तो अख्खा सादडा, खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत, एका लयीत पेटत होता आणि विझत होता. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, चटकन गहिवरत नाही. तिथे मात्र घसा दाटून आला. बायकोने माझा हात धरला होता. पाच मिनिटं. मोजून पाच मिनिटं मिळाली असतील. मागून ती काळी गाडी आली आणि “थांबा, वरच्या फांदीवरचे दाखवतो” म्हणत त्या गृहस्थाने टपावरची पट्टी लावली.

झाड विझलं.

सगळं झाड. शेजारचं विझलं, त्याच्या मागचं विझलं. समोर उरला फक्त पांढरा उजेड, त्यात पाऊस पडावा तशी उडणारी धूळ आणि उजेडात तोंड घालून उभी असलेली चाळीस-पन्नास माणसं. आणि हे साहेब म्हणतात काय? “गेले वाटतं. सीझन संपला.” संपला नाही हो, तुम्ही संपवलात! लग्नाच्या मांडवात शिरून नवरीच्या तोंडावर हॅलोजन धरायचा आणि नवरी पळाली की केटररला विचारायचं, लग्न मोडलं का? मी म्हटलं, “अहो, लाइट बंद करा.” तर म्हणाले, “पैसे भरलेत.” किती भरलेत? दोन वडापावांचे भरले असतील नसतील! त्या पैशात तुम्हाला आत सोडलं होतं, झाड विकत दिलं नव्हतं. पण हे बोलायचं सुचलं दुसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर. तेव्हा मी नुसताच तोंड वासून उभा होतो.

असो. मार्गदर्शन चालू होतं.

फोटो जवळून हवा असेल तर रस्ता सोडून सरळ गवतात शिरा. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या खालीच असतात, म्हणजे पायाशीच सापडतात.

शेकोटी पेटवा. थंडी नसली तरी पेटवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली झालं, अभयारण्यात आग लावायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, वगैरे गोष्टी तंबूवाल्याला सांगू नका. त्याने ‘कॅम्पफायर समाविष्ट’ असं छापून ठेवलंय. पॅकेजमध्ये आहे म्हणजे कायद्यात बसत असणारच.

जेवायला गावातच जा आणि भाव करायला विसरू नका. येताना हॉटेलात पनीरला साडेतीनशे मुकाट मोजले असतील, पण चुलीवरच्या पिठलं-भाकरीला दीडशे म्हटल्यावर भुवया वर गेल्याच पाहिजेत. ज्या मावशींकडे आम्ही जेवलो त्यांना मी विचारलं, “तुम्ही नाही जात बघायला?”

त्या भाकरी थापत म्हणाल्या, “आमी कशाला जातोय? हितं दारातच असायचे.”

“आता?”

“आता दारात तुमच्या गाड्या.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे जास्त लागलं. वर त्याच म्हणाल्या की या दोन-तीन आठवड्यांत पोरीच्या वर्षाच्या फीची सोय होते, गाड्या येऊ नयेत असं कसं म्हणू? खरंच आहे. शहरातल्या आपण कोणी “पर्यटन बंद करा” असं म्हणायचं आणि त्यांनी पुन्हा पोटासाठी नारायणगावला मजुरीला जायचं, हाही न्याय नव्हे. पण मग गावाला पैसे मिळावेत आणि झाडही पेटत राहावं असं काही करायचं कोणी?

इथे व्यवस्थापनाला नावं ठेवू नका. आपल्याकडे डोंगर, धबधबे, जंगलं यांच्या व्यवस्थापनाच्या दोन पद्धती आहेत, पावती आणि बंदी. आधी पावत्या फाडत राहायचं, कोणाचा तरी जीव गेला की बंदी. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत पोरं होती. मग मनाईचे आदेश निघाले, दोरखंड लागले, पोलीस उभे राहिले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पावती आणि बंदी यांच्या मधे मोजणं नावाची एक गोष्ट असते. कास पठारावर दिवसाला 3000 माणसं अशी मर्यादा घातली, आधी नोंदणी करायला लावली. तिथेही रविवारी काय होतं ते बघितलंय आपण, आणि फुलांत आडवं पडून फोटो काढणारे तर अमरच आहेत, पण निदान एक आकडा ठरवायचं धाडस तरी कोणी केलं. फुलं तुडवली गेली की दिसतात, पेपरात फोटो येतो. काजवा चिरडला तर काय दिसणार? चपलेच्या तळाला थोडा हिरवा उजेड राहतो मिनिटभर.

काजव्यांसाठी करायचं ते फार अवघड नाही. गाड्या गावाबाहेर पठारावर अडवा. तिथून पुढे गावातली पोरं माणसं चालत नेतील, पंचवीस-पंचवीसच्या टोळीने, माणशी दोनशे घेऊन. मोबाइल खिशात. टॉर्चवर लाल कागद, तोही पायाशी. रोजचा आकडा भरला की नाक्यावरून परत. परत पाठवलेला माणूस मंत्र्याचा पुतण्या निघाला तरी परत. यातल्या कोणत्या गोष्टीला विदेश दौरा लागतो?

आणि सगळं खापर नाक्यावर फोडून तुम्हाला सुटताही येणार नाही. मलाही नाही. त्या वळणावर अडकलेल्या गाड्यांत एक माझी होती, आणि तिचेही दिवे लागलेलेच होते, अर्धा तास तरी. पण निदान मला लाज वाटली. तुम्हाला कसली म्हणून लाज वाटत नाही? घरात डास मारायची बॅट लावली तरी तुम्हाला बाळाची झोप मोडेल म्हणून काळजी असते. तिथे शेकडो जीव वर्षभर मातीत काढून दोन आठवड्यांसाठी वर आलेत, आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांत दिवे मारताय, कशासाठी तर स्टेटससाठी, जे चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं. तुम्हाला काजवे बघायचेच नाहीत. तुम्हाला गेलो होतो हे सांगायचंय. मग घरी बसून सांगा ना! कोण तपासायला येतंय? रोषणाईच बघायची असेल तर कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला चिनी दिव्यांची माळ लावलेली आहे, ती लुकलुकते, तिच्यापुढे उभे राहा, हवे तेवढे फोटो काढा, फ्लॅश मारून काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढताना पुढच्या चाकापाशी एक पाण्याची बाटली पडलेली दिसली. आत थोडं गवत आणि अकरा काजवे. सगळे तळाशी. दिवसा ते अगदीच साधे दिसतात, तपकिरी, झुरळाच्या पिलासारखे. आदल्या रात्री तंबूपाशी एक बाबा आपल्या मुलाला सांगत होते, “घरी नेऊन खोलीत सोडू हां.” विसरले असणार.

बाटली मी घरी आणली आहे. ज्यांची असेल त्यांनी येऊन घेऊन जावी. ओळख पटायला सोपी आहे. झाकणाला भोकं आहेत, पेननं पाडलेली.