गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे थांबली? जॅकच्या त्या मेसेजला उत्तर

‘ट्रकचं चाक दहा मिनिटांत बदला’ हा मेसेज ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपांत फिरत होता तोवर मी गप्प होतो. काल तो पुतण्याकडून आला. खाली त्याची ओळ, ‘काका, भारी ट्रिक हाय, बघा की.’ पोरगं लातूरच्या डाळ मिलमधून माल भरून गाडी नेतं, हेवी लायसन हातात येऊन वर्षही झालेलं नाही. आता गप्प बसणं जमणार नाही.

मेसेजमधले सल्ले थोडक्यात असे. गाडी गिअरमध्ये टाका, हॅण्डब्रेक ओढा, चाकांना उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून टेकवायचा दगड किंवा ठोकळा, लावत बसू नका. जॅक दणकट असला की स्टँड किंवा ठोकळ्यांची थप्पी लागत नाही. उंची कमी पडली तर जॅकखाली विटा नाहीतर दगड ठेवा. मागच्या एक्सलला एका बाजूला दोन-दोन टायर असतात, त्या जोडीतला टायर काढताना हवा सोडू नका, फुकट जाते. जॅक गाडीच्या एकूण वजनाएवढ्या टनाचा घ्या. जॅकमधलं तेल संपलं तर ब्रेक ऑइल ओता. आणि नट चाक वर उचलल्यावर सोडा, हलके जातात.

गिअरचा सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण तो ऐकायला पटतो. सहा चाकी गाडीचं मागचं डावं चाक उचललं असं धरा. गिअर टाकल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, अडकला, हे खरं. पण शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये डिफरन्शियल बसलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणं हेच त्याचं काम. शाफ्ट जागच्या जागी असताना जमिनीवरचं उजवं चाक पुढे सरकू शकतं, तेवढंच हवेतलं डावं चाक उलटं फिरतं. म्हणजे इंजिन गाडीला धरून आहे असं तुम्हाला वाटतं आणि गाडी मोकळी असते. खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीची मागची दोन्ही चाकं स्टँडवर असताना, इंजिन बंद, गिअर टाकलेला आणि हॅण्डब्रेक सोडलेला असताना एक चाक हातानं फिरवून बघा. दुसरं उलटं फिरताना दिसेल.

मग हॅण्डब्रेक? आपल्याकडच्या एअर ब्रेकच्या बहुतेक ट्रकांत तो मागच्या चाकांवर लागतो. त्यातली एक बाजू तुम्ही हवेत उचलली, म्हणजे तिकडच्या ब्रेकचा रस्त्याला काही उपयोग उरला नाही. काही गाड्यांत हॅण्डब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच असतो. तिथं तर वरचा डिफरन्शियलचा हिशोब जसाच्या तसा लागू, ब्रेक असून नसल्यासारखा. पुढचं चाक बदलताना मागची सगळी जमिनीवर असतात, तेव्हा हॅण्डब्रेक पुरा काम करतो, एवढं मी मान्य करतो. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा तेवढंच पाहिलं असावं. तरी उटी लावायचीच, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकाला पुढून-मागून दोन्हीकडून. मांजरसुंब्याच्या घाटात असाल तर आधी सपाट जागा बघा. टायर अजून थोडा खराब होईल, होऊ द्या.

गाडी चार बोटं सरकली तरी काय होतं, असं विचारणारेही आहेत. जॅकचा दांडा सरळ उभ्या भारासाठी बनवलेला असतो. एक्सल पुढे सरकला की दांडा तिरका होतो, त्याचं डोकं सटकतं आणि एक्सल खाली येतो. त्या वेळी जोडीतलं आतलं चाक काढणारा माणूस खांद्यापर्यंत आत गेलेला असतो.

आता स्टँड. हायड्रोलिक जॅक भार उचलतो तो कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. सील झिजलं, रिलीज व्हॉल्व्हमध्ये धुळीचा कण अडकला, की तो हळूहळू बसायला लागतो. कधी हळूहळूही नाही. वीस टनी असो की पन्नास टनी, सील रबराचंच असतं. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणारी ओशा नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या 1910.244 या जॅकवरच्या नियमात सरळ लिहिलंय: भार उचलला की तो लगेच ठोकळे लावून किंवा दुसऱ्या पद्धतीनं पक्का करावा. त्याच नियमात असंही आहे की पाया घट्ट नसेल तर जॅकच्या बुडाखाली ठोकळा द्यावा आणि डोकं सटकण्याची शक्यता असेल तर डोकं व भार यांच्यातही द्यावा. तिथल्या काँक्रीटच्या फरशीवर काम करणाऱ्यांना हे सांगावं लागतं. आपण चाक बदलतो कुठं? डांबर संपलं की काळी माती, आणि पावसाळ्यात ती माणसाचा पाय सोडत नाही, जॅक काय सोडणार.

म्हणून विटांचा सल्ला वाचून हसावं की रडावं कळेना. तळहाताएवढ्या बुडावर पाच-सहा टन आले की वीट फुटते, तीही गाडी पुरती वर गेल्यावर. दगड गोल असेल तर घरंगळतो. बाभळीची जाड, रुंद फळी गाडीत कायमची ठेवा, तिला खर्च काय येतो? स्टँड नसेल तर तसल्याच लाकडांची आडवी-उभी थप्पी एक्सलखाली रचा. जॅकही एक्सलखालीच, चाकाच्या जवळ, स्प्रिंगचे पाटे एक्सलवर टेकतात तिथं. डिफरन्शियल बसलेल्या मधल्या गोल पोटाखाली नको. (उटीसाठी उचललेले दगड काम झाल्यावर रस्त्यातच टाकून जाणाऱ्यांना एकदा रात्री मोटारसायकलवर बसवून त्याच रस्त्यानं न्यायला पाहिजे.)

हवेचा सल्ला दुसऱ्या नंबरचा घातक. जोडीतला एक टायर बसला तरी ड्रायव्हरला लवकर कळत नाही, गाडी तशीच पळत राहते, आतली कड आणि टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी रिंग खराब होते. ओशाचाच 1910.177 हा नियम सांगतो की टायर ठरलेल्या हवेच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चालला असेल, किंवा टायर-रिम बिघडल्याची शंका असेल, तर चाक एक्सलवरून काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. ट्यूबच्या चाकांना रिंग असते आणि आत 100 पीएसआयच्या आसपास दाब. नट सोडता सोडता ती रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. पंक्चरवाले लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात ते याचसाठी. आणि हवा म्हणे फुकट जाते!

टनांच्या सल्ल्यात अर्ध सत्य आहे. जॅक हिशोबापेक्षा मोठा असावा, बरोबर. पण अख्ख्या गाडीच्या वजनाचा कशाला? तुम्ही गाडीचं एक टोक उचलता, तेही एका बाजूनं. जुलै 2018 मध्ये केंद्रानं चार टायरांच्या एकेरी एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. म्हणजे एक्सलच्या एका बाजूला सहा टनांच्या आत भार आला. वीस टनी जॅक तिथं भरपूर होतो, ओव्हरलोड धरूनही. (उसाच्या हंगामात मर्यादेचं काय होतं ते आपण सगळे बघतो.) उलट फार मोठा जॅक मिटवला तरी उंच राहतो, आणि जोडीतले दोन्ही टायर बसले असतील तर एक्सलखाली जातच नाही. मग माणसं खड्डा खणत बसतात.

ब्रेक ऑइलबद्दल एकच: साध्या जॅकची सीलं खनिज तेलासाठी असतात, ब्रेक ऑइलनं ती फुगतात आणि जॅक कामातून जातो. जॅकचं हायड्रोलिक तेलच घाला.

राहिले नट. चाक जमिनीवर असतानाच पान्याला पाईप लावून ते थोडे थोडे सैल करा, मग उचला. हवेतल्या चाकावर जोर लावला की गाडी जॅकवर डुलते. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात, आधी बघून घ्या. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा, शेवटचा जोर चाक खाली टेकल्यावर. आणि पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावायचा: लातूरहून निघालास तर अंबाजोगाईला चहाला थांबशील तेव्हा.