मोरपंखी मुठी

स्वयंपाकघरातल्या कपाटांना ॲल्युमिनियमच्या आठ मुठी आहेत. बायकोला त्या मोरपंखी हव्या होत्या. पण जुनी वस्तू धडधाकट असताना नवी आणणं आमच्या सदाशिव पेठेतल्या घराण्यात बसत नाही. भोसरीतल्या एका ॲनोडायझिंगवाल्याला, म्हणजे ॲल्युमिनियमवर पक्का रंग चढवून देणाऱ्याला, फोन लावला. "किती किलो माल?" "आठ मुठी." बहुधा रेंज गेली.

मग घरीच करायचं ठरवलं. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ॲल्युमिनियम धन टोकाला टांगायचं, 12 ते 15 व्होल्ट सोडायचे, की वर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढतो. छिद्रांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात ती बुजवायची. बॅटरीचं ॲसिड आणलं, तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू ओतलं. (ॲसिड पाण्यात, उलट केलंत तर तोंडावर उडेल.) ऋण टोकाला ॲल्युमिनियमचा पत्रा. मुठी बांधायला घरात तांब्याची तार होतीच.

थोड्याच वेळात गॅलरीतली बादली निळसर झाली.

"अगं, लवकर ये! रंग चढला!"

"अहो, रंगाची पुडी अजून ओट्यावर आहे."

तार विरघळत होती. मागितलं मोरपंखी, झालं मोरचूद. मोर तेवढा जुळला.

नवं ॲसिड, आता ॲल्युमिनियमची तार. पत्र्यावर बुडबुडे फुटत राहिले, मी पाऊण तास राखण केली. मल्टिमीटर लावला, तर मुठीतून वीज जाईना. म्हणजे थर बसला! आयुष्यात पहिल्यांदाच मीटर न हलल्याचा आनंद झाला. त्या भरात रंगाचं पातेलं आमटीसारखं खळखळून उकळलं आणि मुठी त्यात सोडल्या. उकळत्या पाण्यानं छिद्रं बुजतात, हे मीच बायकोला सकाळी समजावून सांगितलं होतं. रंग बाहेरच राहिला. पातेलं मात्र मोरपंखी झालं, माझी बोटंही.

तिसऱ्या खेपेला कॉस्टिक सोड्यानं थर उतरवून सगळं पहिल्यापासून केलं. रंग या वेळी बोट चटकेल एवढाच गरम ठेवला. सहा मुठी अशा रंगल्या की बायको काहीच बोलली नाही! दोन ओतीव निघाल्या. त्यांच्यातल्या सिलिकॉनमुळे राखेसारख्या काळवंडल्या. त्या सिंकखालच्या कपाटाला लावल्या.

परवा समोरच्या काकू आल्या. मुठींवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय सुरेख रंग गं! कुठून करून घेतलास?"

मी घसा खाकरला.

"भोसरीहून," बायको म्हणाली.