शेवळांबरोबरची काकडं

मृगाचा पाऊस पडला की कल्याण स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी येते. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन फुटपाथवर बसतात. आम्हा सीकेपींच्या घरी या भाजीची वर्षभर वाट बघतात. सोडे किंवा कोलंबी घालून केलेली शेवळांची भाजी पावसाळ्यात एकदा तरी व्हायलाच हवी, असा नेम.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकटीने जुडी आणली. विकणाऱ्या मावशींनी जुडीबरोबर पाच-सहा हिरवी काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, ठेवली होती. त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून परत दिली. त्या म्हणाल्या, "घ्या बाई, त्याबिगर खाजंल." मला वाटलं, जास्तीचे पैसे घेण्यासाठी म्हणतायत. घरी येऊन शेवळं आतल्या पिवळ्या दाणेदार भागासकट चिरली, फोडणीला टाकली. पहिल्या घासालाच सासऱ्यांच्या घशात सुया टोचल्यासारखं झालं. आमसुलाचं पाणी, ताक, काय काय देऊन पाहिलं, तरी रात्रीपर्यंत त्यांना नीट गिळता येत नव्हतं. मी रडकुंडीला आले होते.

शेवळ हे सुरणाच्या कुळातलं. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडं वाटून त्यांचा आंबट रस घालायचा. मावशींनी 'ऑक्झॅलेट' हा शब्द कधी ऐकला नसेल. पण काय काढायचं, काय घालायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्या मला फुकट सांगत होत्या. ऐकलं नाही ते मी.

म्हणूनच 'या रानभाज्या खा आणि मधुमेह पळवा' छापाचे फॉरवर्ड आले की मला राग येतो. त्यात भाजीचं नाव असतं, फोटो असतो, फायदे असतात. रीत नसते. टाकळा फुलावर येण्याआधी, कोवळा असतानाच खुडायचा, भारंगीचा पाला उकडून कडू पाणी पिळून टाकायचं, हे कुठे लिहिलेलं असतं? कडूकंदाचं तर विचारूच नका. कातकरी बायका त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात, मग रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. धान्य संपलेल्या दिवसांत त्या कंदाने पिढ्यांना जगवलंय. यातली एक पायरी गाळली तर माणूस आजारी पडेल.

औषधांचंही तेच. करोनात ज्याने त्याने कुंपणावरची वेल तोडून गुळवेलीचा काढा केला. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष पटला नाही. त्या रोग्यांनी नेमकी कुठली वेल घेतली हे आधी पाहायला हवं होतं, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही असतात, असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. मला एवढंच दिसतं की वेल ओळखणाऱ्या माणसाला विचारायची तसदी आपण घेतली नाही.

आणि हे ज्ञान खोटं म्हणून झटकून टाकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. खोकल्याला आजी अडुळशाचा रस मधातून द्यायची. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं, जे आज कफ सिरपात मिळतं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य सापडतं, त्याच्यापासून कर्करोगाची औषधं होतात. त्याचं फळ काय मिळालं? चोरटी तोड. झाड तोडणाऱ्या गरिबाच्या हातात मजुरी, बाकीचा पैसा वरच्या वर.

आमच्या गावी भाताच्या बांधावर कुर्डू आणि टाकळा माजलेला असायचा. आता बांधावर तणनाशक मारतात. दोन दिवसांत सगळं पिवळं पडतं. मजूर मिळत नाहीत हे मला कळतं, शेतकऱ्याला दोष देणार नाही. पण ती भाजी विकून बाईला चार पैसे मिळायचे, ते गेले. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून जे मिळतं त्यावर, आदिवासींचा हक्क मान्य केलाय. जंगलच उरलं नाही तर त्या हक्काचं काय करायचं? आणि आपण त्याच बाईशी दहा रुपयांवरून घासाघीस करतो. ती पहाटे उठून रानात हिंडते, विंचूकाट्यातून शेवळं खुडते. तिच्याकडून घ्या, सांगेल तो भाव द्या, आणि करायची कशी ते विचारा. स्वतः रानात जाऊन मुळासकट उपटून आणू नका.

परवा पुन्हा त्याच मावशींकडे गेले. आता केस पांढरे झालेत त्यांचे. शेवळं होती, काकडं नव्हती. "आमच्या वाटंवरचं काकडाचं झाड तोडलं यंदा, रस्त्यात गेलं," म्हणाल्या. मी जुडी खाली ठेवायला लागले, तर त्यांनी पाटीच्या तळातून पाल्याची एक मूठ काढली आणि जुडीत खोचली. "बोंडाऱ्याचा हाय. चिरून घाल, ह्यानंबी खाज मरते."