साइट दिसते का?

"अरे, तुझी साइट उघडत नाहीये," ताईचा फोन आला. मी लगेच लॅपटॉपवर बघितलं. साइट झोकात उघडली.

"इथे तर उघडतेय."

"म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

हा संवाद पुढचे नऊ दिवस, थोड्याफार फरकाने, रोज झाला. ठार बंद पडलेल्या यंत्राचा एक मोठेपणा असतो. ते सगळ्यांसाठी सारखंच बंद असतं. माझी साइट मात्र ताईला दिसायची नाही, मला दिसायची. मित्राला वायफायवर दिसायची, मोबाइल डेटावर दिसायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर उलट. डॉक्टरांसमोर बसलं की दुखायचं थांबणारा दात जसा असतो, तसं हे दुखणं.

मुळात हा सर्व्हर मी स्वतः चालवतो. का, असं घरचेही विचारतात. आठ महिन्यांपूर्वी मी जुना सर्व्हर सोडून नवा, जास्त ताकदीचा घेतला. म्हटलं, जागा ऐसपैस झाली की लिहिणंही वाढेल. साइटचा आयपी पत्ता (म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बदलला, साइटच्या नावापुढे तिचा पत्ता लिहिलेला असतो त्या झोन फाइलमध्ये नवा पत्ता टाकला, मागचं भाडं वाचावं म्हणून जुनं मशीन गेल्या आठवड्यात बंद केलं. दुखणं नेमकं तेव्हापासून सुरू झालं, पण ही गोष्ट लक्षात यायला माणसाला स्वतःवर थोडा तरी संशय असावा लागतो.

आधी ताईला ब्राउझरची कॅशे साफ करायला लावली. मग राउटर बंद-चालू करायला लावला. मग फोन. शेवटी ती म्हणाली, "आता मला स्वतःलाच बंद करून चालू करू का?"

मग मी हुकमी वाक्य काढलं: "डीएनएस पसरायला ४८ तास लागतात." खरं तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था, पसरत वगैरे काही नाही. कुठल्याही नावाचं उत्तर मिळालं की तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर, ते ठरावीक काळ जपून ठेवतो आणि तोवर पुन्हा विचारायला येत नाही. तो काळ, म्हणजे टीटीएल, साइटवालाच ठरवतो. मी ८६४०० सेकंद ठेवला होता, म्हणजे अख्खा एक दिवस. सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून. वाचक तीन: ताई, मित्र आणि मी. परिणामी ज्याला एकदा चुकीचं उत्तर मिळालं तो दिवसभर तेच उराशी धरून बसायचा.

चुकीचं उत्तर देतंय कोण, हा प्रश्न उरला. मी डिग हे डीएनएस तपासायचं साधन चालवून दिवसातून पन्नास वेळा माझ्या नेमसर्व्हरला (साइटचा पत्ता जगाला सांगतो तो) पत्ता विचारत होतो आणि तो पन्नासही वेळा बरोबर सांगत होता. ब्राउझरही कधी अडखळला नाही. त्याचा उलगडा सहाव्या दिवशी झाला. स्थलांतराच्या वेळी नवा सर्व्हर तपासायला म्हणून मी लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे डीएनएसला विचारण्याआधी लॅपटॉप बघतो त्या यादीत, नवा पत्ता हाताने लिहून ठेवला होता आणि विसरलो होतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, त्याआधी सगळं नेटवर्क अशाच एका होस्ट्स फाइलवर चालायचं. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. माझा लॅपटॉप अजून त्याच काळात सुखाने नांदत होता. डीएनएसचं दुखणं शोधणाऱ्या घरातल्या एकमेव यंत्राचा डीएनएसशी संबंधच नव्हता!

ती ओळ उडवली आणि दुपारी साइट मलाही दिसेना. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

आता आठवलं की नेमसर्व्हर दोन असतात. निदान दोन हवेत आणि ते एकाच ठिकाणी नसावेत, असा संकेत आहे. मी तो इमानाने पाळून दुसरा लांब ठेवला होता, आणि लांबच्या नातेवाइकासारखा विसरून गेलो होतो. जग मात्र दोघांनाही विचारतं. डिगला त्याचं नाव देऊन विचारलं, तर त्याने बंद केलेल्या मशीनचा पत्ता ठणठणीत आवाजात सांगितला.

सेकंडरी, म्हणजे दुसरा नेमसर्व्हर, प्रायमरीकडून, म्हणजे पहिल्याकडून, झोन फाइलची प्रत घेतो ती तिच्यातला सीरियल नंबर बघून. प्रायमरीचा नंबर आपल्यापेक्षा मोठा असेल तरच नवीन माहिती उचलायची. हा नंबर बहुतेक जण तारखेवरून लिहितात: वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी दोन आकडे. मार्च २०२४ मध्ये कधीतरी मी २०२४ ऐवजी २०४२ टाकून २०४२०३१५०१ असं लिहिलं होतं. चूक पाच मिनिटांत लक्षात आली आणि मी ती गुपचूप सुधारली. घोटाळा त्या सुधारण्याने झाला. तोवर सेकंडरीने २०४२ उचललं होतं. त्यानंतर मी पाठवलेली प्रत्येक तारीख त्याच्या लेखी अठरा वर्षं जुनी. शिळी बातमी घेऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवावं, तसा तो मला परत पाठवत होता. जुनं मशीन चालू होतं तोवर चुकीचा पत्ताही चालून गेला, एवढंच.

आकडा नुसता कमी करून भागत नाही. पण हा नंबर ३२ बिटांचा, घड्याळासारखा गोल फिरणारा. अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो नवा. म्हणून मागे यायचं तर आधी पुढे पळायचं. २०४२०३१५०१ मध्ये २१४७४८३६४७, म्हणजे जेमतेम अर्धी फेरी, मिळवले, ४१८९५१५१४८ झाले, सेकंडरीने ते मुकाट्याने घेतले. मग आजच्या तारखेचा नंबर टाकला. फेरी पूर्ण होऊन तो त्याला नवा वाटला! गावाला वळसा घातला तो असा. काखेतला कळसा सेकंडरीच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, होता: प्रायमरीचा सीरियल आपल्यापेक्षा लहान आहे, ही तक्रार तो कित्येक महिने नेमाने लिहीत आला होता. लॉग वाचायचे असतात हे मी इतरांना नेहमी सांगतो.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"दिसतेय रे साइट."

"बघ! म्हटलं होतं ना, वेळ लागतो."

"हो, पण शेवटचा लेख जुन्या सर्व्हरच्या वेळचाच आहे. तोही पसरतोय का अजून?"